पडला त्याहून जास्त वाहिला: एका जलविज्ञान संशोधन गटाचं प्रकरण

हे प्रकरण कुठल्याही एका विद्यापीठाचं नाही. छोट्या पाणलोट क्षेत्रांच्या मोजणीवर चालणाऱ्या संशोधन गटांमध्ये ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा घडतात, त्या एका काल्पनिक गटात एकत्र आणून मांडल्या आहेत. माणसांना नावं दिलेली नाहीत आणि हिशेबातले आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून गोल घेतले आहेत. मागचं विज्ञान मात्र जसं आहे तसंच ठेवलं आहे.

गट आणि त्यांचा ओढा

गटात पाच माणसं. प्रमुख एक प्राध्यापक मॅडम. तरुणपणी त्या स्वतः गुडघाभर पाण्यात उभ्या राहून वेग मोजायच्या. आता त्यांचा दिवस प्रस्ताव, अहवाल आणि समित्यांमध्ये जातो. दुसरा एक पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर कराराने काम करणारा संशोधक. त्याचा विषय पुराची वारंवारता, करार दोन वर्षांचा आणि त्यातले शेवटचे काही महिने उरलेले. तिसरी पीएचडीची विद्यार्थिनी, पाऊस-विसर्ग मॉडेलवर काम करणारी; विसर्ग म्हणजे ओढ्यातून दर सेकंदाला वाहून जाणारं पाणी, आणि हे मॉडेल तो पावसावरून काढतं. चौथी संशोधक पाण्यातले समस्थानिक तपासते, म्हणजे ऑक्सिजन-१८ आणि ड्युटेरियम यांच्या प्रमाणावरून ओढ्यातलं पाणी किती जुनं आणि किती ताज्या पावसाचं, हे सांगते. पाचवा फील्ड तंत्रज्ञ. गटात सगळ्यात जुना तोच. पोस्टडॉक येतात आणि जातात, विद्यार्थी पदवी घेऊन निघतात, पण पर्जन्यमापकात कोळ्याने जाळं केलं की ते काढायला जाणारा माणूस बदललेला नाही.

या पाच जणांची मदार एका ओढ्यावर. त्याच्या पाणलोटाचं क्षेत्रफळ धरू १० चौरस किलोमीटर. ओढ्याच्या एका सरळ टप्प्यावर पातळीपट्टी रोवलेली, शेजारी पाण्याच्या दाबावरून पातळी टिपणारा सेन्सर आणि डेटालॉगर. तिथून थोडं खाली रस्त्याची मोरी.

बाहेरच्या वाचकाला एक गोष्ट आधीच सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी राहील. ओढ्याचा विसर्ग दर पंधरा मिनिटांनी कोणी मोजत नाही. मोजली जाते ती पातळी. विसर्ग मोजायचा तर पात्र आडवं ओलांडत ठिकठिकाणी खोली आणि वेग घ्यावे लागतात. पाणी उथळ असेल तर वेग पृष्ठभागापासून ०.६ खोलीवर, खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर घेऊन सरासरी काढतात. अशा एका मापनाला माणसं लागतात, तासभर लागतो. म्हणून वर्षभरात काही मोजकी मापनं करायची, प्रत्येक मापनाच्या वेळची पातळी त्याच्यासमोर मांडायची आणि त्या ठिपक्यांतून एक वक्र काढायचा. हाच रेटिंग कर्व्ह. पुढे सेन्सर पातळी देतो आणि हा वक्र तिचा विसर्ग करून देतो. विसर्गाची जी लांबच लांब मालिका संगणकावर दिसते, तिच्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा या वक्रातून आलेला असतो. सगळ्यात वरच्या ठिपक्याच्या पुढे वक्र ताणला असेल, तर तिथला आकडा म्हणजे निव्वळ अंदाज.

हे जलविज्ञानात सगळ्यांना ठाऊक असतं. परीक्षेत विचारलं तर गटातल्या पाचही जणांनी बिनचूक उत्तर लिहिलं असतं.

प्रसंग

विद्यार्थिनीचा प्रबंधाचा तिसरा अध्याय जवळपास तयार होता. तिने घेतलेलं मॉडेल टॉपमॉडेलच्या घराण्यातलं. कीथ बेव्हन आणि माइक कर्कबी यांनी १९७९ साली मांडलेली ही कल्पना अशी की जमिनीच्या उंचसखलपणावरून कुठला भाग आधी भिजून तुडुंब होईल, हे ओळखता येतं, आणि त्या भागावर पडलेला पाऊस जमिनीत न मुरता सरळ ओढ्याला मिळतो. मॉडेलमध्ये पॅरामीटर, म्हणजे जुळवताना बदलता येणारे आकडे, मोजकेच. त्यातला ‘एम’ नावाचा पॅरामीटर मातीचा थर पाण्यासाठी किती खोलपर्यंत कामाचा आहे, हे ठरवतो. एम मोठा तर माती पाणी धरून ठेवते, लहान तर पाऊस पडला की ओढा लगेच उसळतो.

मॉडेल बसवलं, म्हणजे नोंदलेल्या विसर्गाशी जुळेपर्यंत पॅरामीटर बदलत कॅलिब्रेट केलं, आणि किती जुळलं ते सांगणारा नॅश-सटक्लिफ निर्देशांक चांगला आला. हा निर्देशांक १९७० पासून वापरात आहे. पूर्ण जुळलं तर १, आणि नुसती सरासरी सांगितल्याइतकंच जमलं तर ०. त्याची एक खोड आहे: फरकांचे वर्ग घेतले जात असल्यामुळे मोठ्या पुरांचे माथे बाकी सगळ्या दिवसांवर कुरघोडी करतात. चार मोठे पूर जुळवले की निर्देशांक खूश. इथे नेमकं तेच झालं होतं. एम दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला जाऊन चिकटला होता. मॉडेल जणू म्हणत होतं की या खोऱ्यात मातीच नाही, खडकावर पाऊस पडतोय.

पॅरामीटर टोकाला चिकटणं हे मॉडेलवाल्यांसाठी जुनं लक्षण आहे. काहीतरी बिनसलंय, एवढं ते सांगतं. काय बिनसलंय ते सांगत नाही. विद्यार्थिनीने पोस्टडॉकला विचारलं. तो म्हणाला, मर्यादा आणखी खाली नेऊन बघ. सल्ला वाईट नव्हता, पण निदानाआधी दिलेलं औषध होतं.

पुढच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत समस्थानिकवाल्या संशोधकाने आपला आलेख दाखवला. एका मोठ्या पुरात ओढ्यातलं निम्म्याहून जास्त पाणी त्या पावसाचं नव्हतंच. पावसाआधी जमिनीत साठलेलं होतं. यात नवल नाही. १९७९ मध्येच स्क्लाश आणि फारवोल्डन यांनी पुराच्या पाण्यातला मोठा वाटा जुन्या भूजलाचा असू शकतो, हे दाखवलं होतं, आणि नंतर जगभरच्या दमट प्रदेशांतल्या खोऱ्यांत तेच दिसत आलं. विद्यार्थिनी आलेखाकडे बघत राहिली. तिचं मॉडेल त्याच पुरात बहुतेक पाणी जमिनीवरून वाहत आल्याचं सांगत होतं.

“मग तुझी माती कुठे गेली?” संशोधकाने विचारलं. टोमणा नव्हता तो. सरळ प्रश्न होता.

हिशेब

त्या रात्री विद्यार्थिनीने मॉडेल बाजूला ठेवलं आणि एक हिशेब केला. तो पहिल्याच महिन्यात करायला हवा होता, असं नंतर सगळे म्हणाले. नंतर सगळेच म्हणतात.

१ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० घनमीटर पाणी. क्षेत्र १० चौरस किलोमीटर आणि त्या पुरात पाऊस ५० मिलिमीटर, म्हणजे पडलेलं पाणी ५ लाख घनमीटर. ओढ्याच्या विसर्गाच्या मालिकेतून त्याच पुराचं पाणी मोजलं, आधीपासून वाहणारा प्रवाह वजा केला, तर बेरीज आली ५ लाख ६० हजार. पडला त्याहून जास्त वाहिला. बाष्पीभवन, मातीत मुरलेलं, झाडांनी धरलेलं, सगळं शून्य धरलं तरी ६० हजार घनमीटर वर उरतं.

तिने बाकीचे पूर तपासले. लहान पुरांत वाहिलेलं पाणी भागिले पडलेलं पाणी, हे गुणोत्तर समजुतीला पटेल इतकं होतं. मोठ्यांपैकी काहींत ते १ च्या वर किंवा १ ला टेकलेलं. असं गुणोत्तर दिसलं की एक काम टाळता येत नाही. बेव्हन आणि वेस्टरबर्ग यांनी २०११ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडला: काही नोंदी माहिती देत नाहीत, दिशाभूल करतात, आणि त्यांच्यावर मॉडेल बसवलं तर पॅरामीटर त्या चुकीची भरपाई करायला वाकतात. एम का चिकटला होता, त्याचं उत्तर बहुधा इथे होतं. पण चूक पावसात, क्षेत्रफळात की विसर्गात?

पाऊस. गटाचा पर्जन्यमापक उलटणाऱ्या बादलीचा. ठरावीक पाऊस जमला की छोटी बादली उलटते आणि एक टिचकी नोंदली जाते. असे मापक जोराच्या सरीत कमी मोजतात, कारण बादली उलटण्याच्या क्षणी पडणारं पाणी निसटतं. वाऱ्यामुळेही थेंब तोंडावरून उडून जातात. दोन्ही दोष धरून पाऊस १५ टक्क्यांनी वाढवला तरी गुणोत्तर १ च्या अगदी जवळच राहिलं. आधी पंधरवडाभर कोरड्या असलेल्या जमिनीवर ते अशक्य.

क्षेत्रफळ. उंचीच्या नकाशावरून काढलेली सीमा आणि प्रत्यक्ष पाणी वाहतं ती सीमा यात फरक पडू शकतो. भूजलाची सीमा तर वेगळीच असू शकते. पण क्षेत्रफळ चुकलं असतं तर लहान पुरांतही गुणोत्तर बिघडलं असतं. तिथे ते ठीक होतं.

उरला विसर्ग. त्यासाठी तिला तंत्रज्ञाकडे जावं लागलं.

वही

तंत्रज्ञाच्या वह्या पाण्याला न भिजणाऱ्या कागदाच्या, पेन्सिलीने लिहिलेल्या. प्रत्येक भेटीला तारीख, वेळ, पातळीपट्टीवरचं वाचन, सेन्सरवरचं वाचन, दोन्हींतला फरक, बॅटरीचा व्होल्ट, आणि खाली दोन-तीन ओळी मोकळ्या. सेन्सर आणि पट्टी यांचा मेळ व्यवस्थित होता. सेन्सर सरकलेला नव्हता. विसर्गाची मापनं मागच्या पानांवर. सगळ्यात मोठं मापन ९० सेंटिमीटर पातळीचं. त्या पुराची पातळी १८५ च्या वर गेलेली.

म्हणजे वक्राचा वरचा अर्धा भाग ठिपक्यांविना होता. आधीच्या एका पोस्टडॉकने खालच्या ठिपक्यांतून घातांकाचं सूत्र बसवून ते वर ताणलं होतं. ९० च्या खाली ते काम सुरेख होतं. अशा मोकळ्या पात्रात, एका ठरावीक रुंदीपर्यंत, हे सूत्र बरंच विश्वासार्ह असतंही.

मग त्या पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद. मोकळ्या ओळींत लिहिलेलं: ‘मोरीचं तोंड फांद्यांनी बंद. वर पाणी तुंबलेलं. पट्टीवर १८५. पाणी जवळजवळ उभं.’

पाणी जवळजवळ उभं असेल तर विसर्ग फारच थोडा. वक्र मात्र १८५ ला प्रचंड विसर्ग सांगत होता, कारण त्याला फक्त पातळी माहीत. पातळी वाढली म्हणजे पाणी जोरात वाहतंय, असं त्याने गृहीत धरलेलं. खालून तुंबल्यामुळेही पातळी वाढते, हे त्याला सांगणारं कोणी नव्हतं. विद्यार्थिनीने पातळीचा आलेख पुन्हा उघडला. इतक्या लहान खोऱ्यातल्या पुराचा माथा टोकदार असतो: झपाट्याने चढ, मग हळूहळू उतार. इथे चढ होता, मग कित्येक तास सपाट, आणि मग एकदम कोसळ. सपाट म्हणजे पाणी मोरीवरच्या रस्त्याच्या उंचीला पोचून रस्त्यावरून वाहायला लागलेलं. कोसळ म्हणजे फांद्या सुटल्या. हा आकार तिने शेकडो वेळा पडद्यावर पाहिला असेल. मॉडेलवाल्याला त्यात मॉडेलने गाठायचा माथा दिसतो. काठावर उभा राहिलेल्याला तुंबलेलं पाणी दिसतं.

तंत्रज्ञ म्हणाला, “हे मी त्याच वेळी लिहून दिलं होतं. वह्या स्कॅन करून फोल्डरमध्ये टाकतो मी दर महिन्याला.”

खरंच टाकत होता. फोल्डर होतं. कोणी उघडलं नव्हतं.

माहिती अडली कुठे

माझ्या मते या प्रकरणात मॉडेल किंवा मोरी यांपेक्षा हा भाग जास्त महत्त्वाचा. गटात कोणी खोटं बोललं नाही, आळस केला नाही, काही लपवलं नाही. तरीही तंत्रज्ञाला माहीत असलेली गोष्ट दोन वर्षं बाकीच्यांपर्यंत पोचली नाही. असं का, ते सुटं करून पाहिलं तर कारणं अगदी किरकोळ वाटतात, आणि म्हणूनच ती टिकून राहतात.

विसर्गाच्या फाइलमध्ये दोन रकाने: वेळ आणि विसर्ग. ‘हा आकडा मापनाच्या टप्प्याबाहेरचा आहे’ किंवा ‘इथे पाणी तुंबलं होतं’ हे लिहायला जागाच नाही. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्यात प्रत्येक विसर्ग मापनाला मोजणारा माणूस दर्जा देतो: उत्तम म्हणजे २ टक्क्यांच्या आत, चांगलं ५, बरं ८ आणि त्यापुढे कच्चं. असा एक शब्द प्रत्येक मापनासोबत पुढे गेला असता तरी बरंच निभावलं असतं. इथे वहीतली माहिती एका फोल्डरमध्ये आणि आकडे दुसऱ्या, आणि शोधनिबंध लिहिणारा फक्त दुसरं उघडणार.

दुसरं कारण आणखी साधं. गटाची साप्ताहिक बैठक सोमवारी सकाळी. तंत्रज्ञाची ओढ्यावर जायची पाळीही सोमवारी सकाळी, कारण विद्यापीठाची गाडी त्याच दिवशी मिळायची. तो कधी बैठकीला नसायचा. त्याला वगळलं असं कोणी ठरवलं नव्हतं. वेळापत्रकाने ते परस्पर ठरवलं.

मोठ्या पुराची मापनं का नाहीत, याचंही उत्तर तिथेच आहे. ओढ्याला सोमवार कळत नाही. पूर रात्री येतात, सुट्टीच्या दिवशी येतात आणि इतक्या लहान खोऱ्यात काही तासांत ओसरतात. एकट्याने पुरात उतरायचं नाही, हा नियम योग्यच आहे. खोली फुटांत आणि वेग सेकंदाला फुटांत घेऊन गुणाकार १० च्या आसपास गेला तर पाण्यात पाऊल टाकायचं नाही, असा या धंद्यातला जुना आडाखा. म्हणजे मोठा पूर मोजायला दोन माणसं हवीत, गाडी हवी, काठावरून किंवा पुलावरून मोजता येईल असं साधन हवं, आणि अवेळी निघण्याची परवानगी हवी. यातलं एकही अनुदानाच्या अंदाजपत्रकात नव्हतं. जलविज्ञानातला सगळ्यात महाग आकडा पुराच्या माथ्याचा, आणि प्रस्तावांत त्याच्यासाठी सहसा वेगळी ओळ नसते.

अनिश्चितता किती मोठी असू शकते, हे या शास्त्राला नवीन नाही. इटलीतल्या पो नदीवर दी बाल्दासारे आणि मोंतानारी यांनी २००९ मध्ये दाखवलं की चांगल्या व्यवस्थेतही नदीच्या विसर्गाच्या नोंदींतली चूक, ९५ टक्के खात्रीच्या पातळीवर, सरासरी २५ टक्क्यांच्या घरात जाते. तो लेख गटाच्या वाचनयादीत होता. विद्यार्थिनीने पहिल्या अध्यायात त्याचा दाखलाही दिला होता. वाचनयादीतली अनिश्चितता आणि आपल्या ओढ्यातली अनिश्चितता यांची गाठ पडायला दोन वर्षं लागली.

कोणाचं काय पणाला लागलं

विद्यार्थिनीचा अध्याय अडला, पण तिच्या हातात वेळ होता. पोस्टडॉकच्या हातात नव्हता. पूर-वारंवारतेचा त्याचा लेख याच विसर्गाच्या माथ्यांवर उभा होता आणि नियतकालिकाकडे परीक्षणात होता. पुढच्या नोकरीच्या अर्जात तो लेख पहिल्या ओळीत. शिवाय गटाने हीच मालिका वर्षभरापूर्वी खुल्या संग्रहात डीओआयसह, म्हणजे दाखला देता येईल अशा कायमच्या ओळखक्रमांकासह, ठेवली होती. बाहेरच्या लोकांनी ती उतरवून घेतली होती.

मॅडमनी आधी विद्यार्थिनीशी बोलून घेतलं, मग समस्थानिकवाल्या संशोधकाशी, मग तंत्रज्ञाशी. पोस्टडॉकला शेवटी, तेही बैठकीत, सगळ्यांसमोर. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. सगळ्यात जास्त नुकसान ज्याचं, त्याला बातमी सगळ्यांच्या आधी आणि एकट्यात कळायला हवी होती. बैठकीत तो चिडला आणि त्याने जे बोललं, त्यातला अर्धा भाग खरा होता: “मला दिलेला डेटा मी वापरला. तो तपासणं माझं काम होतं का?” वह्यांचं फोल्डर आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. उरलेला अर्धा भाग म्हणजे वक्र ताणणाऱ्या जुन्या पोस्टडॉकवरची आगपाखड, आणि ती व्यर्थ होती. त्या माणसाने वक्राच्या फाइलमध्ये ‘मापनं ९० पर्यंतच’ असं स्वच्छ लिहून ठेवलं होतं. तीही फाइल कोणी उघडली नव्हती.

पर्याय

टेबलावर चार वाटा आल्या. पहिली, सगळं तसंच ठेवून लेखात ‘माथ्यांबाबत अनिश्चितता आहे’ असं एक वाक्य घालणं. पोस्टडॉकचा कल इकडे. अडचण अशी की अनिश्चितता म्हणजे आकडा इकडे किंवा तिकडे असू शकतो. इथे तो कुठल्या बाजूला चुकलाय, हे माहीत झालं होतं. माहीत असलेल्या चुकीला अनिश्चितता म्हणणं बरोबर नाही. मॅडमनी ही वाट लगेच बंद केली.

दुसरी, ९० च्या वरचं सगळं कापून टाकणं. स्वच्छ, पण पुराच्या अभ्यासातून पूरच काढून टाकणारं. शिवाय ९० च्या वरचे सगळे पूर तुंबलेले नव्हते; काहींचे माथे टोकदार होते आणि पाण्याचा ताळेबंदही बसत होता.

तिसरी, वरच्या टप्प्यासाठी नवी मापनं आणि मोरीच्या खाली दुसरा सेन्सर. दोन ठिकाणच्या पातळ्यांमधला फरक कळला की पाणी वाहतंय की तुंबलंय, हे लगेच ओळखू येतं. पात्राचे आडवे छेद मोजून संगणकावर प्रवाहाची आकडेमोड करणं हाही याच वाटेचा भाग. उत्तम, पण पुढचे पूर येईपर्यंत थांबावं लागणार.

चौथी वाट समस्थानिकवाल्या संशोधकाने सुचवली आणि या प्रकरणात तीच मला सगळ्यात रोचक वाटते. २००२ मध्ये सायबर्ट आणि मॅक्डोनेल यांनी न्यूझीलंडमधल्या मायमाय पाणलोट क्षेत्रावर एक प्रयोग केला. मोजणी करणाऱ्यांना त्या खोऱ्याबद्दल जे ढोबळ ज्ञान असतं, म्हणजे पुरात नवं पाणी साधारण किती, भूजल कुठपर्यंत चढतं, त्याला त्यांनी ‘सॉफ्ट डेटा’ म्हटलं आणि मॉडेल बसवताना विसर्गाच्या जोडीला तेही कसोटी म्हणून वापरलं. विसर्गाशी जुळणारे पण खोऱ्याच्या वागणुकीशी न जुळणारे पॅरामीटर त्यामुळे गळून पडले. विद्यार्थिनीला हेच करता येणार होतं: विसर्ग फक्त ९० च्या खाली घ्यायचा, वरच्या भागात न तुंबलेल्या पुरांच्या पातळ्यांचा निव्वळ क्रम जुळतो का ते बघायचं, आणि जुन्या पाण्याचा वाटा समस्थानिकांनी सांगितलेल्या टप्प्यात राहतो का तेही.

तिसरी आणि चौथी वाट एकत्र धरायचं ठरलं.

पुढे काय झालं

विद्यार्थिनीच्या नव्या मॉडेलचा नॅश-सटक्लिफ आधीपेक्षा कमी आला. एम टोकावरून सुटून मधल्या, मातीशी जुळणाऱ्या किमतीवर आला. प्रबंधाच्या समितीतल्या एकाने निर्देशांक का घसरला, असं विचारलं, तेव्हा तिने पडद्यावर तो सपाट माथ्याचा आलेख आणि वहीचं ते पान शेजारी शेजारी लावलं. त्यावर कोणी पुढे काही विचारलं नाही.

पोस्टडॉकने परीक्षकांचं उत्तर यायच्या आधीच संपादकांना पत्र लिहून लेख मागे घेतला. नुकसान झालंच. पुढे त्याने तोच विषय वेगळ्या बाजूने लिहिला: तुंबलेले माथे काढल्यावर आणि उरलेल्यांना अनिश्चिततेचे पट्टे दिल्यावर दुर्मीळ पुराचा अंदाज किती हलतो. लेख चांगला आहे, आधीच्यापेक्षा नक्कीच. पण तो छापून यायच्या आत त्याचा करार संपला होता.

लेखकांच्या यादीत तंत्रज्ञाचं नाव घालायचं का, यावर बरीच चर्चा झाली. मॅडमनी आधी ‘आभार’ या भागात उल्लेख सुचवला, आणि ती रूढ पद्धत आहेही. विद्यार्थिनी अडून बसली. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचे लेखकत्वाचे चार निकष इतर शास्त्रांतही आधाराला घेतले जातात. त्यांत डेटा मिळवणं हे योगदान मोजलं जातं, पण लेखाचा मसुदा लिहिण्यात किंवा त्याची कसून तपासणी करण्यात सहभाग, अंतिम आवृत्तीला मान्यता आणि कामाची जबाबदारी घेणं हेही लागतं. गंमत अशी की मसुदा वाचायलाच दिला नाही, तर माणूस पुढच्या निकषांत आपोआप नापास होतो. तंत्रज्ञाला मसुदा दिला. त्याने आठवडाभर ठेवून घेतला आणि पेन्सिलीच्या खुणांसह परत केला. त्यातल्या दोन खुणांमुळे मापनपद्धतीचा परिच्छेद बदलावा लागला. नाव गेलं, तिसऱ्या क्रमांकावर. त्याची स्वतःची मागणी मात्र वेगळीच होती: “नावाचं बघा तुम्ही. मला फाइलमध्ये एक रकाना द्या.”

रकाना मिळाला. विसर्गाच्या फाइलमध्ये आता चार रकाने आहेत: वेळ, विसर्ग, दर्जा आणि शेरा. मापनाच्या टप्प्याबाहेरचा आकडा आपोआप खुणावला जातो; तुंबल्याचा शेरा तंत्रज्ञ स्वतः भरतो. बैठक मंगळवारी दुपारी हलवली. खुल्या संग्रहात दुसरी आवृत्ती चढवली आणि पहिलीच्या पानावर ठळक सूचना टाकली. पहिली उतरवून घेणाऱ्यांपैकी ज्यांनी तिचा दाखला देऊन लेख लिहिले होते, त्यांना विद्यार्थिनीने शोधून एकेक पत्र पाठवलं. काहींची उत्तरं आली. एकाने विचारलं, मोरीखालच्या सेन्सरचा डेटा कधी मिळेल?

तो सेन्सर बसलाय. पुराच्या मापनासाठी दोन माणसांची पाळी आणि गाडीची व्यवस्था यांची मागणी नव्या प्रस्तावात पहिल्यांदाच स्वतंत्र ओळ म्हणून गेली आहे. तंत्रज्ञाचा पगार मात्र अजूनही त्याच अनुदानाच्या ‘उपकरणे व देखभाल’ या शीर्षाखाली निघतो. तो संशोधन कर्मचाऱ्यांच्या शीर्षाखाली घ्यावा, असा अर्ज मॅडमनी दिलाय, आणि लेखा विभागाने त्यावर नियमाचा दाखला मागितला आहे.